रफूवालीचा डोळा

“घरात कोणाला क्षय झाला होता का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे, कोणालाच नाही,” नवरा म्हणाला. रफूवालीनंही मान हलवली. तिला तेवढंच ठाऊक होतं.

तिचा उजवा डोळा दोन महिन्यांपासून खोबणीतून पुढे येत होता. बाईंनी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या. आठवडाभर आराम पडला, मग दुखणं दुपटीनं उसळलं. भुवईखाली छिद्र पडून पू वाहू लागला. जळक्या कोटाचं भोक ती असं भरायची की गिऱ्हाईक जागा शोधत बसायचं. आता दुकानाच्या मालकानं तिला मागच्या खोलीत बटणं लावायला बसवलं.

“लोक बिचकतात गं,” तो म्हणाला.

शेवटी बाईंनी भुवईखालचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

“क्षयच आहे, खोबणीच्या हाडाला. वर्षभर औषधं घेतलीस की बरा होईल. पण डोळ्याची नस गेली, नजर येणार नाही. क्षय आहे हे आधी कळलं असतं, तर त्या गोळ्या मी दिल्याच नसत्या; त्यांनी तो आणखी भडकतो.”

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या.

“मामंजी कशानं गेले?” तिनं विचारलं.

“दम्यानं.”

“दीड वर्ष त्यांची थुंकी मी काढली. खरं सांगा.”

सासूबाईंनी देठ मोडला. “तुझ्या नणंदेचं लग्न ठरत होतं. बाहेर फुटलं असतं तर?”

“मला तरी सांगायचं.”

“तुला सांगितलं असतं, तर तू त्यांना हात लावला असतास?”

ती नवऱ्याकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“एका डोळ्यानंही दिसतंच की,” तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला.

चार दिवसांनी दवाखान्यातली परिचारिका घरच्यांची तपासणी करायला आली. “घरात लहान मूल आहे का?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. बाळंतपणाला आलेली नणंद आतल्या खोलीच्या दारात उभी होती. सासरी कळेल म्हणून तिनंही तोंड उघडलं नाही.

रफूवाली आत गेली. पाळण्यातून बाळ उचलून बाहेर आली.

“दोन महिन्यांचं आहे,” ती परिचारिकेला म्हणाली. “मामंजींना क्षय होता, तेही लिहा.”

नणंद उजवीकडून, गेलेल्या डोळ्याच्या बाजूनं धावली. तिचा हात दुपट्यावर पडला, तेव्हाच ती रफूवालीला कळली. रफूवालीनं बाळ सोडलं नाही.