लेंडी रस्ता ओलांडते

रोह्याला रोह्याच्याच लेंडीनं हाकलायचं, ही आमच्याकडची रीत. शहरातले लोक ज्याला नीलगाय म्हणतात तो आमचा रोही. त्याच्या नावात गाय घुसली, म्हणून त्याच्यावर कोणी हात उचलत नाही, आणि कपाशीचं बोंड काही झाडावर राहत नाही. मग बायका दुसऱ्या कळपाची ताजी लेंडी पोत्यात भरून आणतात आणि आपल्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ढीग लावतात. रोही वास घेतो, ही जागा दुसऱ्या नराची आहे असं समजतो आणि काही दिवस फिरकत नाही.

इंदूबाई ही लेंडी आणायची ती रस्त्यापलीकडच्या टेकडीवरून. टेकडी जंगल खात्याची. तिथून काडी उचलली तरी गुन्हा, म्हणून या कामाबद्दल गावात कोणी तोंड उघडत नव्हतं.

आर्णीकडून येणारा रस्ता चौपदरी झाला तेव्हा त्यानं तिच्या शेतीचे दोन तुकडे केले. गाव आणि कपाशी मावळतीला, तुरीचं वावर उगवतीला टेकडीखाली. मधे दुभाजक. गेल्या पेरणीला तिचा नवरा घनश्याम बैल घेऊन पलीकडे जात होता. ट्रकनं एक बैल जागीच मारला आणि घनश्यामचा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून तो अंगणात बाजेवर बसून असतो. बायको वावरात गेली की त्याचे कान रस्त्याकडे. ब्रेक वाजला की तो बाजेची दोरी घट्ट धरतो, आणि ती परत आली की तिच्यावरच खेकसतो, एवढा वेळ कायले लावला म्हणून.

आता त्याच रस्त्याला दोन्ही अंगांनी लोखंडी कठडा बसणार होता. गावानं रस्त्याखालून भुयार मागितलं. उत्तर आलं, गाव लहान आहे, नियमात बसत नाही. माणसांसाठी बसत नाही. मग कोणीतरी सांगितलं की जंगली जनावरांसाठी बसू शकतं, फक्त तसा अभ्यास निघाला पाहिजे. जनावराच्या नावानं का होईना, भुयार झालं तर इंदूबाईलाही त्यातून जाता येणार होतं. तिनं त्या दिवसापासून रोह्यांना शिव्या देणं बंद केलं.

अभ्यासाला अर्पिता आली. पोरगी शहरातली, पण उन्हातान्हात फिरणारी, कोणाच्याही ओट्यावर बसून चहा पिणारी. तिनं सांगितलं ते असं. पूर्वी पैनगंगेपर्यंतचे रोही एका नात्यातले होते. नर वयात आला की कळप सोडून लांब जायचा, दुसऱ्या कळपात मिसळायचा, रक्त फिरत राहायचं. मग वावरांना तारा आल्या, रस्ता रुंद झाला, दुभाजक झाला. मावळतीचा कळप अडकला, कमी होत गेला, आणि आता त्यातले बहुतेक एकाच नराची लेकरं असावीत. लेंडीवरच्या चिकट थरातून जनावराचं रक्ताचं नातं कळतं. दोन्ही बाजूंचं रक्त वेगळं पडत चाललंय असं निघालं, तर रस्त्यानं त्यांना तोडलं हे सिद्ध होईल.

घनश्याम बाजेवरून म्हणाला, "म्हणजे घरातल्या घरातच सोयरिका चालू हायेत म्हना. मंग लेकरं वाकडीच होतीन."

आणि होतही होती. इकडच्या कळपात पुढचा पाय आत वळलेलं एक पाडस सगळ्यांनी पाहिलं होतं.

रक्ताचं बोलणं इंदूबाईनं ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तिनं आजवर जेवढे सरकारी लोक पाहिले ते सगळे मोजायला आलेले. माणसं मोजली, संडास मोजले, पडलेली घरं मोजली. आकडा मोठा तर काम होतं, आकडा लहान तर गाव लहान. भुयार नाकारलं तेही आकड्यावरच. फाट्यावरच्या गुलाम नबी मेकॅनिकला तिनं विचारलं, तर तोही तेच म्हणाला, "भाबी, मॅडम लेंड्या मोजून राह्यली. जेवढ्या लेंड्या, तेवढे रोही."

मग इंदूबाई कामाला लागली. पलीकडच्या टेकडीवरून पोतीच्या पोती लेंडी आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून ताजी ठेवली आणि मावळतीच्या धुऱ्याधुऱ्यावर, नाल्याच्या काठानं ढीग लावले. काही पोती गुलाम नबीनं मोटारसायकलवर आणून दिली. बाकी तिनं डोक्यावर आणली, त्याच दुभाजकावरून, ट्रक चुकवत. अर्पिता आली की ती हात धरून तिला ढिगापाशी नेई. अर्पिता खुश. खरी मावळतीची लेंडी बाभळीच्या काट्यांत होती. तिथली थोडीच हाती आली.

पावसाळा सरल्यावर अर्पिता पेढे घेऊन आली. म्हणाली, चांगली बातमी आहे. दोन्हीकडचे रोही एकाच कळपासारखे निघाले, रक्त छान मिसळतंय, म्हणजे ते रस्ता ओलांडतात. काट्यांतले नमुने तेवढे निराळे आले होते, ते खराब असतील म्हणून तिच्या वरच्या साहेबांनी बाजूला टाकायला लावले.

इंदूबाईनं पेढा हातातच ठेवला. "मंग भुयार?"

"आता गरज नाही असं दिसतंय, मावशी. तसं लिहून दिलं मी."

घनश्याम बायकोकडे पाहत होता. इंदूबाई खाली बसली.

"बाई, थे लेंडी म्या आणलती."

"कुठून?"

"पल्याडून. टेकडीवरून. धुऱ्यावरची समदी पल्याडचीच हाये."

अर्पिताचा चेहरा उतरला. तिनं एवढंच विचारलं की का.

"तुमी मोजून राह्यल्या होत्या नं. म्हटलं, जास्त दिसली तं भुयार मोठं होईन."

अर्पितानं लपवलं नाही, हे तिच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. तिनं वर कळवलं की नमुने माणसांनी हलवलेले आहेत, निष्कर्ष मागे घ्या, पुढच्या हंगामात पुन्हा करू. वरच्यांनी निष्कर्ष मागे घेतला, अगदी तत्परतेनं. आता रोही ओलांडतात असंही सिद्ध नव्हतं आणि ओलांडत नाहीत असंही नव्हतं. सिद्ध नाही म्हणजे भुयार नाही. पुढच्या हंगामासाठी कठडा थांबत नसतो. वर एका पेपरात छापून आलं की गावकऱ्यांनी संशोधनाची फसवणूक केली. ज्या गावाला भुयारासाठी लहान म्हणून हाकललं, ते फसवणुकीसाठी मात्र पुरेसं मोठं निघालं. जंगल खात्याचा माणूस घरी येऊन इंदूबाईला दम देऊन गेला. रोज रस्ता कसा ओलांडता हे त्यानं विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी कठडा बसला.

इंदूबाई आता गाठोडं कठड्याखालून आधी ढकलते. मग पोटावर निजते आणि सरकत पलीकडे निघते. दोन कठडे, मधे दुभाजक. डांबरावर पालथी पडलेल्या बाईला ट्रकवाला लांबून पोतं समजतो, असं गुलाम नबी सांगतो. घनश्यामनं बाज अंगणातून फाटकापाशी ओढून घेतली आहे.

लेंडी आणणं तिनं सोडलं. परवा वाकड्या पायाचं ते पाडस कपाशीत शिरलं आणि बोंडं खात उभं राहिलं. आता ते मोठं झालंय, नर आहे. वयात आला की निघून जायची वेळ. अलीकडे तारा, पलीकडे कठडा. इंदूबाई धुऱ्यावर नुसती बसून त्याच्याकडे पाहत होती.

घनश्याम फाटकापासून ओरडला, "पाहत काय बसली? हाकल नं थ्याले."

तिनं मान वळवली नाही.

"कुठं हाकलू?"