वीस सेकंदांचं क्षेपणास्त्र

युद्धाच्या व्हिडिओ गेममधली चिलखती गाडी धावता धावता क्षेपणास्त्रं सोडायची, ते पाहून इतिहास तपासायला नेमलेल्या ताईंचं डोकं फिरलं. खरी गाडी आधी थांबायची. मग आतला सैनिक शेपटीला तार बांधलेलं क्षेपणास्त्र हातातल्या जॉयस्टिकच्या दांडीने वळवत वीस सेकंद निशाण्यापर्यंत न्यायचा. तीन महिने खपून ताईंनी गेममध्ये तसंच करून घेतलं.

"वीस सेकंद? खेळणारा जांभया देईल," गेम कंपनीचे साहेब म्हणाले. "आजच काढून टाकू."

"काढा. पण आधी एकदा स्वतः खेळून बघा."

साहेबांनी टेकडीआड गाडी थांबवून क्षेपणास्त्र सोडलं. ते डावीकडे भरकटलं. साहेबांनी दांडी उजवीकडे ओढली आणि खुर्चीतल्या खुर्चीत स्वतःही तिकडे कलले. मध्येच फोन वाजला, तो त्यांनी न बघताच पालथा घातला. शत्रूचा रणगाडा हातभर उरला असताना क्षेपणास्त्र झाडात घुसलं.

"हे झाड कुणी लावलं इथे?"

"या जागेच्या जुन्या फोटोत आहे, साहेब."

"बरं, राहू दे झाड," साहेब बाह्या सरसावत म्हणाले. "वीस सेकंदही राहू देत. आता जरा गप्प बसा, मला नेम धरायचाय."