तारेचं दुसरं टोक

शिरोलीच्या त्या फौंड्रीत आकाराम शिपायाला सगळे मामाच म्हणत. मूळचा मुरगूडचा, सत्तावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला सात महिने राहिलेले. वाकडी खुर्ची सरळ करायची, ठिबकत्या नळाला चिंधी बांधायची, असा त्याचा हात. क्रांती कॉम्प्युटर विभागात रुजू झाली, तेव्हा तिच्या काचेच्या गार खोलीत रोज फडकं मारून "बाई, धूळ लई बसती की तुमच्या पेट्यांवर," असं बोलणारा तो एकटाच. बाकीच्यांना ती आठवायची काही बंद पडलं की.

२००४चा उन्हाळा. सकाळी कॉम्प्युटर लावला की नेटवर्क मिळायला पाऊण मिनिट लागतं, म्हणून ऑफिसातले लोक तिच्या नावानं शंख करत होते. कारण तिला ठाऊक होतं. सगळ्या केबली ज्या स्विचमध्ये येतात, त्यात स्पॅनिंग ट्री नावाची एक राखण असते. एकाच केबलची दोन्ही टोकं कुणी चुकून त्याच जाळ्यात खोचली, तर निरोप तिथल्या तिथं गरगरत राहतात, वाढत जातात, आणि सगळं जाळं गुदमरतं. म्हणून ही राखण आधी तपासते, मगच वाट मोकळी करते. वेळ लागायचा तो तिथंच. कटकटीला वैतागून क्रांतीनं एक दिवस ती राखणच बंद केली. तक्रारी थांबल्या. तिनं कुणाला सांगितलं नाही, कुठं लिहूनही ठेवलं नाही.

ऑगस्टात एका सकाळी बैठकीची खोली झाडताना आकारामला टेबलाखाली केबल लोंबताना दिसली. एक टोक भिंतीत, दुसरं फरशीवर. शेजारी भिंतीतच तसंच एक भोक रिकामं. त्यानं टोक धोतराला पुसलं आणि नीट खोचलं.

मिनिटाभरात सगळ्या फौंड्रीचं नेटवर्क झोपलं. गेटपास निघेनात. मालाचे नऊ ट्रक फाटकावर अडकले, ड्रायव्हर हॉर्न मारू लागले. क्रांती तीन तास एकेक केबल उपसत फिरली आणि शेवटी त्या टेबलाखाली पोचली. मागं मालक राजवर्धन उभे होते.

"कुणी केलं हे?"

"मीच घातली की सायेब," दारातून आकाराम म्हणाला. "तार लोंबत हुती."

"अक्कल नसेल तिथं हात कशाला घालायचा? वाळूच्या खात्यात जा उद्यापासून. तिथं काय लावायचं ते लावा!"

क्रांतीच्या जिभेवर शब्द आले होते. साहेब जरा शांत होऊ देत, मग सांगू, असं तिनं मनाला समजावलं. त्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. आकाराम खाली मान घालून साच्यांची वाळू चाळू लागला. दुसऱ्या महिन्यात खोकल्यानं बेजार होऊन त्यानं नोकरी सोडली. सत्तावीस वर्षांच्या माणसाला कुणी नारळसुद्धा दिला नाही.

क्रांतीनं मग राखण परत चालू केली. एका खोलीतली चूक गेटपर्यंत जाऊ नये म्हणून एकाच स्विचवर ऑफिस, गेट आणि गोदाम यांची वेगवेगळी जाळी केली, ज्याला व्हीलॅन म्हणतात; म्हणजे ज्याचं जाळं त्याच्यापुरतं. ते करताना पुस्तकात तिला दिसलं, की राखण न काढता नुसत्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांपुरता थांबण्याचा वेळ टाळता येतो. एका ओळीचं काम. ती ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली. राजवर्धननी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

दोन वर्षांनी, एका रविवारी ती मुरगूडला गेली. सांज झाली होती. आकाराम अंधारात भिंतीला टेकून बसला होता. लाईट गेली असेल असं तिला वाटलं, तेवढ्यात त्याची बायको बयाबाई रानातनं आली आणि तिनं बटण दाबलं.

"तवापास्नं बटनाला हात लावत न्हाईत," ती म्हणाली. "म्हनत्यात, माझ्या हातानं इस्कोट हुतो. मी येस्तवर असंच बसत्यात."

क्रांती त्याच्यासमोर बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. "चूक माझी होती, मामा. मी राखण काढली नसती, तर तुम्ही तार घालूनही काही झालं नसतं."

आकारामनं शांतपणे ऐकलं. मग हसला. "बाई, तुमी मोठ्या मनाच्या. मला बरं वाटावं म्हनून अंगावर घेताय."

"न्हाई ओ मामा, खरंच!"

"ऱ्हाऊ द्या. ह्याच हातानं घातलीया की मी."

सोमवारी तिनं मालकांना सगळं लेखी दिलं. "जुनं कशाला उकरताय?" म्हणून त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. तिनं त्याची एक प्रत पोस्टानं मुरगूडला पाठवली.

जानेवारीत बयाबाईचा फोन आला. मामा गेले होते.

"तुमचं पत्र पोस्टमननं वाचून दावलं हुतं," ती म्हणाली. "उशाला ठेवलं हुतं त्यांनी. म्हनायचे, बाई किती चांगली बघ, माझ्यासाठनं खोटं लिवलंया."

पलीकडं बयाबाई रडत होती.