तेर्साचं चित्र

टाचणी वाकडी होती — टोकाशी जराशीच, पण कागदात शिरताना ती अडकायची आणि कागद फाटायचा; अँजेलिनाबाई ती टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करत बसल्या, खरं तर डबीत चांगल्या टाचण्या ढीगभर होत्या. हात कशात तरी गुंतलेला बरा. एकतीस चित्रं दोरीवर लागली होती. बत्तिसावं हजेरीपटाखाली पालथं पडलं होतं... विनीचं. त्यांच्या स्वतःच्या लेकीचं.

कुठून ही अवदसा आठवली, देव जाणे! बालवर्ष आहे, मुलांना स्वतःकडे बघायला शिकवा, असं शिक्षकांच्या शिबिरात कुणी सांगितलं, आणि बाई गावी, गासला परतल्या त्या डोक्यात किडा घेऊनच. सकाळी चौथीच्या वर्गाला अर्धा अर्धा कागद वाटला, रंगीत खडू वाटले — संध्याकाळी घरात तेर्स होतो, आल्तारासमोर गुडघे टेकून सगळे प्रार्थना म्हणतात, तेव्हा कोण कुठे असतं ते काढा. आणि तुम्ही कुठे, तेही.

"आमच्याकडं तेर्स नाय, बाई," शत्रुघ्न म्हणाला.

"मग आजी दिवा लावते तेव्हाचं काढ."

पठ्ठ्याने स्वतःला घरापेक्षा मोठं काढलं आणि आजीला कोपऱ्यात उंदराएवढं. सगळा वर्ग खिदळला, बाईही हसल्या, आणि त्या हसण्याच्या भरात — तेव्हाच जीभ का नाही झडली! — बोलून गेल्या, "तोंडं नीट काढा रे. आणि खोटं काही काढायचं नाही."

विनीने खोटं काढलं नव्हतं. आल्तारावर दोन मेणबत्त्या. सासूबाई ग्रेसी, शेजारी नवरा फ्रेडरिक, दोघांची तोंडं लालभडक, आ वासलेली. मग आई — निळी साडी, साडीचा काठ, केसांतली पिनसुद्धा. नाकाखाली मात्र कोरा कागद. एवढं दिसलं आणि बाईंनी चित्र पालथं घातलं.

विनीचा धाकटा भाऊ ॲन्सेल्म चार महिन्यांचा असतानाच देवाघरी गेला, त्याला वर्ष उलटलं. त्या संध्याकाळीही तेर्स झाला होता, घरभर माणसं, आणि अँजेलिनाच्या घशातून शब्द वर आलाच नाही... दुसऱ्या दिवशीही नाही, मग कधीच नाही. ती नुसते ओठ हलवायची. म्हणवायला सासूबाई, त्यांचा आवाज असा खणखणीत की त्याखाली एक आवाज कमी पडला तर कुणाला कळतंय? शेजारी बसणाऱ्याला कळतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि शाळेत धर्मशिक्षणाचा तास तिचाच! साडेचारला हेडमिस्ट्रेस सिस्टर रिटा दोरी बघायला येणार, एक चित्र कमी आहे हे त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पालक चित्रं बघायला येणार, आणि सासूबाई सगळ्यांत आधी नातीचं चित्र शोधणार. गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? मुलांना प्रार्थना शिकवणारी बाई, घरी मुकी.

मधल्या सुट्टीत तिने विनीला बाजूला घेतलं होतं. "अगं, आईचं तोंड काढायचं राहिलं का?"

"राहिलं नाही, बाई." शाळेत ती बाईच म्हणायची, सांगितलंच होतं तसं. बोटाला लागलेला निळा रंग फ्रॉकला पुसत ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, खोटं नाही काढायचं."

व्हरांड्यात दूरवर सिस्टरांच्या चपला वाजल्या. दाराशी दप्तर घेऊन विनी उभी, आईसोबत घरी जायला थांबलेली. बाईंनी झटकन कागद सुलटा केला, लाल खडू उचलला... एक रेघ, बस, एवढीशी रेघ, कोण विचारतंय... आणि खडू टेकवायला खाली वाकल्या तेव्हा निळ्या साडीला चिकटून बसलेली चित्रातली लहानगी विनी त्यांना पहिल्यांदा नीट दिसली. दोन वेण्या. सगळ्यांचे डोळे समोर. हिचे तेवढे बाजूला, आईकडे लागलेले.

तिलाही तोंड नव्हतं.

कधीपासून? वर्षभर? चपला जवळ येत होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांची भीती आता वाटेना. खडू बोटांत तसाच होता, टाचणी टेबलावर. अँजेलिनाने दाराकडे पाहिलं. विनी तिच्याकडेच बघत होती. आज सात वाजता सासूबाई मेणबत्त्या लावतील, तेर्स सुरू होईल, आणि ही पोर शेजारी गुडघे टेकून गप्प बसेल, आई कधी सुरुवात करते याची वाट बघत.