टाकी रिकामी करण्याचा ठराव

हाशम पिंजारीनं एकोणीस वर्षं गावाला पाणी सोडलं होतं. अमळनेरहून शिंदखेड्याकडं जाणाऱ्या एस.टी.च्या रस्त्यावरचं ते गाव. नगरपालिका होती, टेकडीवर सिमेंटची टाकी होती, आणि खांद्यावर लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवत जाणारा हाशम होता. १९९२ च्या मे महिन्यात नदीच्या पात्रातली विहीर इतकी आटली, की पालिकेनं गावाचे चार भाग पाडले आणि प्रत्येक भागाला चौथ्या दिवशी पाणी ठरवलं. वरच्या दोन गल्ल्या आधी, मग बाजारपेठ, आणि सगळ्यात शेवटी खालची वस्ती, म्हणजे भिलाटी आणि पिंजारवाडा. हाशमचं घर पिंजारवाड्यातच होतं.

पाण्याला वास येतो ही तक्रार उन्हाळ्यात नवी नसते. गाळ आहे, गंज आहे, असं काहीबाही सांगून हाशम वेळ मारून नेई. त्या दिवशी सकाळी बाजारपेठेचं पाणी सोडून तो वळला, तर तिथल्याच भागाबाईनं घागर उचलून थेट त्याच्या नाकापुढं धरली.

"हाशमभाऊ, हाई पाणी सुंगी देख बरं," ती म्हणाली. "वरली गल्लीमा बी बठ्ठा तेच सांगी राह्यनात."

हाशमनं वास घेतला. हा गाळाचा वास नव्हता. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, बायकांच्या शिव्या पाठीवर घेतल्या आणि टेकडी चढायला लागला.

शिडीचं कुलूप काढून तो वर चढला. टाकीच्या छपरावर माणूस उतरेल एवढं तोंड होतं. त्यावरचं बिडाचं झाकण दोन वर्षांपूर्वीच्या वादळात खाली पडून फुटलं होतं. तेव्हापासून हाशमनं तिथं पत्रा टाकून वर धोंडे रचले होते. नवीन झाकणासाठी त्यानं तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा विषय सभेपुढं गेला आणि तहकूब झाला. आज पत्रा सरकलेला होता. तहानेनं वेडावलेल्या जनावराला दोन धोंडे हटवणं काय अवघड?

त्यानं आत वाकून पाहिलं. वानर होतं. पोटावर तरंगत होतं आणि फुगून दुप्पट झालं होतं. अंगावरचे केस झडून पाण्यावर त्यांची साय धरली होती. खालून एक उबट, गोडसर घाण वर आली, आणि हाशम कसाबसा कडेला सरकून छपराबाहेर ओकला. आदल्या दिवशी दुपारी वरच्या गल्लीत नळाला ओंजळ लावून तो पोटभर पाणी प्यायला होता. त्या आठवणीनं त्याला पुन्हा उमळून आलं. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात.

पालिकेत मुख्याधिकारी रजेवर होते. नगराध्यक्ष धनसिंगआबा आपल्या खोलीत बसले होते. समोर हेडक्लार्क जीवराम होता, आणि दाराजवळच्या खुर्चीत भिकुबाई. बायकांच्या राखीव जागेवर त्या निवडून आल्या आणि पाणीपुरवठा समितीच्या सभापती झाल्या. सहा महिन्यांत त्यांनी सह्या केल्या होत्या, तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी रविवारच्या कार्यक्रमाचं बोलणं चाललं होतं. गावाच्या वेशीवर पालिकेनं स्वागत कमान बांधली होती आणि तिच्या उद्घाटनाला जळगावहून बडे पाहुणे यायचे होते.

हाशमनं सगळं सांगितलं. जीवरामनं टेबलावरचा पाण्याचा जग हळूच उचलून मागच्या कपाटावर ठेवला आणि शिपायाला हाक मारून चार सोडे आणायला सांगितले.

"आमच्या गल्लीला कधी आलं होतं पाणी?" भिकुबाईंनी विचारलं. हाशमनं त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"काल, अक्का."

भिकुबाई उठून बाहेर गेल्या. मागच्या मोरीतून त्यांच्या ओकण्याचा आवाज येत राहिला. आबांनी पंखा वाढवला.

"टाकी धुवावी लागेल, आबा," हाशम म्हणाला. "आहे ते पाणी सगळं सोडून द्यायचं. घासायची, औषध टाकायचं, मग नवं पाणी चढवायचं. तीन-चार दिवस जातील."

"म्हणजे रविवारी गावात पाणी नाही. पाहुण्यांच्या गाडीपुढं बायका हंडे घेऊन बसतील." आबांनी अगदी हिशेबी माणसासारखं विचारलं, "उद्या कोणाची पाळी?"

"खालच्या वस्तीची."

"मग प्रश्न मिटला की. आज ते जनावर काढ, ब्लीचिंग पावडर टाक, आणि उद्या नेहमीसारखं खाली पाणी सोड. वस्तीची पाळीही चुकत नाही आणि टाकीही रिकामी होते. परवा दिवसभरात धुऊन टाक, रविवारी नळ चालू."

हाशमला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग कळलं. टाकी नाल्यात रिकामी करायची नव्हती. ती भिलाटीच्या आणि पिंजारवाड्याच्या हंड्यांत रिकामी करायची होती.

"आबा, ते पाणी माणसं पितील," तो म्हणाला.

"कालपर्यंत गाव प्यायलंच ना? मेलं का कोणी?"

"मी झाकणासाठी तीन अर्ज दिले होते."

आबांनी सोड्याचा घोट घेतला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "हाशम, शिडीच्या कुलपाची किल्ली कोणाकडं असते?"

"माझ्याकडं."

"आणि आत काय मेलं? वानर. मारुतीचं जनावर. दिवस कसले आहेत तुला माहीत आहे. आम्ही तुला एकोणीस वर्षं ओळखतो, आमच्या मनात काही येणार नाही. पण गावाचं तोंड कोणी धरावं? हे बाहेर न जाण्यात आमच्यापेक्षा तुझंच भलं आहे."

हाशमनं जीवरामकडं पाहिलं. जीवराम लिहीत होता. भिकुबाई पदरानं तोंड पुसत आत आल्या, तेव्हा त्यानं कागद त्यांच्यापुढं सरकवला. 'पाणी शुद्धीकरण करून पाळीनुसार पुरवठा चालू ठेवणे व टाकी रिकामी झाल्यावर साफ करणे.' त्यांनी तो वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी सही केली आणि कोणाकडं न बघता निघून गेल्या.

दुपारी पंपावरचा सुपडू मदतीला आला. दोराचा फास टाकून दोघांनी वानर वर ओढलं. पहिल्या ओढीत एका हाताची कातडीच निघून आली. सुपडूनं डोळे मिटून घेतले, तो काहीतरी पुटपुटला, पण त्यानं दोर सोडला नाही. पोत्यात गुंडाळून त्यांनी ते टेकडीमागं पुरलं. मग भांडारातून ब्लीचिंगचं पोतं आणलं. उघडलं तर आत पावडरचे दगड झालेले, वास पार उडालेला. हाशमनं एक ढेकूळ हातात घेऊन चुरलं. चुन्याइतकाही जोर त्यात उरला नव्हता.

"टाकी दे ती पावडर," सुपडू म्हणाला. "सांगेल शे ना टाकाले."

टाकलं. पाणी वरून जरा पांढरं झालं. केस तसेच तरंगत राहिले.

संध्याकाळी घरी हाशमनं बायकोला, सलीमाला, एवढंच सांगितलं, की उद्याचं पाणी भरू नकोस. तिनं कारण विचारलं. त्यानं सांगितलं नाही. शेजारच्या घरी नसीमचं बाळंतपण होऊन आठ दिवस झाले होते, आणि तिची सासू रिकामे हंडे घासून सकाळसाठी दारात रांगेनं मांडत होती. हाशम ते बघत बसला. आपल्या घरापुरतं सांगून आपण गप्प बसलो, याचीच त्याला शिसारी आली. आबांमध्ये आणि आपल्यात आता किती बोटांचं अंतर राहिलं, हे त्याला कळेना.

सकाळी सात वाजता तो टेकडीवर गेला. खालच्या वस्तीच्या व्हॉल्व्हला त्यानं हात लावला नाही. टाकीच्या बुडाला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह होता, वर्षानुवर्षं न फिरवल्यानं गंजलेला. सगळं अंग टाकून त्यानं तो फिरवला. पाणी धो धो करत नाल्यात पडलं आणि उतारानं वस्तीकडं निघालं.

त्याला वाटलं होतं तेवढं ते सोपं गेलं नाही. नळ कोरडे आणि नाल्याला पाणी, हे बघताच भिलाटीतल्या बायका हंडे, डबे, जे हाताला लागेल ते घेऊन नाल्याकडं धावल्या. हाशम टेकडीवरून धावत खाली आला आणि नाल्यात उभा राहिला.

"भरू नका. हे पाणी भरू नका."

"काबर भरानं नही? तुन्हा बापनं शे का?" एकीनं हंडा बुडवलासुद्धा. हाशमनं तो तिच्या हातातून घेऊन ओतून दिला. माणसं जमली. वरच्या गल्लीतलेही आले. कोणीतरी त्याची कॉलर धरली.

"यात वानर मेलं होतं," हाशम म्हणाला. "चार दिवस कुजत होतं. काल काढलं. पालिकेला सगळं माहीत आहे."

कॉलर धरलेला हात सुटला. वरच्या गल्लीतला एक माणूस तिथंच खाली बसला आणि तोंडात बोटं घालायला लागला. मग मागून एका तरुणानं सावकाश विचारलं, "शिडीच्या कुलपाची किल्ली तर तुझ्याकडंच असते ना?"

आबांनी सांगितलं होतं तसंच झालं. तेवढ्यात पंपाकडून आलेला सुपडू गर्दीतून पुढं झाला.

"मी व्हतू संगे," तो म्हणाला. "मन्हा हातनी काढं त्याले. जमीनमा बी मीच पुरं. टाकीवर झाकन दोन सालपासून नही शे, आनि वानरले शिडी लागत नही. हाशमभाऊनी तीन कागद दिधात. ज्याले इचारनं व्हई त्यानी पालिकामा जाईसन इचारा."

तरुण मागं सरला. पाणी मात्र दुपारपर्यंत वाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस माणसं पालिकेवर गेली. आबांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि चौकशीचं आश्वासन दिलं. रविवारी तीच माणसं कमानीखाली हार घेऊन उभी होती. उद्घाटन झालं, सरबत वाटलं. वरच्या गल्लीत पुढच्या पंधरवड्यात अकरा जणांना कावीळ झाली. पण त्या गल्लीचा राग टाकीवर नव्हता, पालिकेवर नव्हता. आठवडाभर कोरडं राहावं लागलं म्हणून तो हाशमवर होता. एकानं तर रस्त्यात अडवून त्याला सांगितलं, "तू बोलला नसतास तर कळलंही नसतं. आता जेवण गोड लागत नाही." हाशम त्याच्याकडं बघत राहिला. टाकीत वाकला होता तेव्हा निदान तोंड फिरवता आलं होतं.

पालिकेच्या पुढच्या सभेत ठराव झाला. टंचाईच्या काळात परवानगीशिवाय पाणी वाया घालवल्याबद्दल व्हॉल्व्हमन हाशम यास निलंबित करण्यात यावे. सूचक भिकुबाई. ठराव एकमतानं मंजूर.

तीन महिने तो घरी होता. सलीमा शेंगा फोडायला जाऊ लागली. नसीमची सासू एकदा येऊन ओट्यावर बसली आणि तिनं नातवाला त्याच्या मांडीवर ठेवलं. श्रावण संपता संपता पालिकेतून बोलावणं आलं. नवा व्हॉल्व्हमन कुठली लाइन कुठं जाते तेच विसरत होता, आणि दोनदा आबांच्या शेजारच्या गल्लीचं पाणी चुकलं होतं. जीवरामनं माफीनामा आधीच टाइप करून ठेवला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे टाकीतील शुद्ध पाणी वाया गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.'

"शुद्ध?" हाशम म्हणाला.

"सही कर आणि सोमवारपासून कामाला लाग," जीवराम म्हणाला. "मी काय माझ्या मनानं लिहितो?"

हाशमनं कागद दोनदा वाचला. घरचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं सही केली. मग सहीच्या खाली, उरलेल्या कोऱ्या जागेत, त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पाण्यात वानर मरून कुजले होते. हे अध्यक्ष, सभापती व हेडक्लार्क यांना माहीत होते.'

जीवरामनं ते वाचलं. त्याची मान आणि कान तांबडे झाले. क्षणभर तो कागद फाडेल असं वाटलं. मग त्यानं तो तसाच फाइलला लावला, दोरा ओढून गाठ मारली.

"राहू दे," तो म्हणाला. "इथं वाचतं कोण."

हाशम बाहेर आला. व्हरांड्यात शिपाई पिण्याच्या पाण्याचा माठ भरत होता. त्याच्याकडं न बघता तो पायऱ्या उतरला आणि नव्या माणसाकडून चावी घ्यायला पंपाकडं गेला.