सिल्वासाच्या मोडेमला पोच हवी आहे

मी बोलतोय, पण सुरुवातीच्या किंकाळीला घाबरू नका. तो माझा घसा साफ करण्याचा आवाज. मी मोडेम. कॉम्प्युटरचं म्हणणं शिट्ट्यांमध्ये बदलून टेलिफोनच्या तारेत सोडायचं आणि पलीकडून आलेल्या शिट्ट्यांची पुन्हा अक्षरं करायची, एवढ्यासाठी माझा जन्म. तो कुठे झाला ते पाठीवरच्या चिठ्ठीवर होतं. ती गळून पडली. मला आठवतं ते सिल्वासा.

चौऱ्याण्णव साली गलोंड्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात माझं खोकं उघडलं. तिथे औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनायची. मालक प्रभाकरभाऊ, जळगावकडचे. कॉम्प्युटरवर बसायच्या मंगलाताई. नवरा गेल्यावर नाशिकहून इथे आलेल्या, टोकरखाड्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. त्यांची मुलगी पूजा त्यांच्या पगारावर नाशिकला शिकत होती. पहिल्या दसऱ्याला ताईंनी मला कुंकू लावलं. ते माझ्या हवेच्या फटींत शिरलं, ते अजून आहे.

कारखान्याचं मोठं गिऱ्हाईक एकच, मुंबईची एक औषध कंपनी. तिच्या मागण्या कागदावर येत नसत. मधे एका तिसऱ्याच कंपनीचं खासगी जाळं होतं. त्यात प्रत्येक कारखान्याची कुलूपबंद पेटी. मी मुंबईला फोन लावायचा, आपली पेटी उघडायची, मागणी घेऊन यायची. बिलंही त्याच वाटेने जायची. माल पोचला की पोच देतात ना, तशी इथेही पद्धत होती. निरोप मिळाला की घेणाऱ्याचं यंत्र आपणहून कळवायचं, मिळाला. त्या एका शब्दाने मला बरं वाटायचं.

पण त्या जाळ्यात अक्षरागणिक भाडं. भाऊ एकदा बिल बघून तडकले.

"मंगलाताई, हे मिळालं-मिळालं काय लावलंय? त्याचंही भाडं?"

"त्याचंही, भाऊ."

"मग बंद करा ते. पोपट पाळलाय का आपण?"

त्यांनी मुंबईला फोन करून दोन्हीकडची पोच बंद करून घेतली. काही बिघडलं नाही. कारण पेटीत काही पडून राहिलं, तर मधल्या कंपनीचा माणूस फोन करायचा, "सिल्वासा? पेटी उघडली नाहीत आज." त्या भाड्यात ही राखणही होती. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणसांना मी असंच पाहिलंय. काही बिघडत नाही म्हटलं, की ते कोण सांभाळतंय हे विचारायचं ती सोडून देतात.

अठ्ठ्याण्णव साली भाऊंचा पुतण्या चिन्मय अमेरिकेहून शिकून आला. तिथली नोकरी सोडून आला होता. आल्या आल्या माझ्यावरची धूळ पुसून म्हणाला, "काका, ही वाट नाही, जकातनाका आहे. शेजारचे तीन कारखाने याचं भाडं झेपेना म्हणून या कंपनीच्या कामाला मुकले. इंटरनेट सगळ्यांचं आहे. उद्या चिमाबाई गलोंड्यातून बांबूच्या टोपल्या परदेशात विकेल."

चिमाबाई पॅकिंगमध्ये होत्या. दारातूनच म्हणाल्या, "आधी सिल्वासाच्या बाजारात तर खपू दे, बाबा."

सगळे हसले. चिन्मयही हसला, पण त्याने हट्ट सोडला नाही. मुंबईला खेटे घालून त्याने कंपनीकडून कबूल करवून घेतलं की दिवाळीपर्यंत या एका कारखान्याशी व्यवहार इंटरनेटवरून करू. नीट झाला, तर बाकीच्या लहान कारखान्यांनाही तीच वाट मोकळी. घोटाळा झाला, तर काम दुसरीकडे.

"भाऊ, जमेल ना?" ताईंनी हळूच विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे पूजा होती.

"पोरगा शिकलेला आहे. जमंल."

चिन्मयने माझ्यात इंटरनेटचा नवा नंबर घातला. बाकीचं ठरलेलं होतं तसंच उचललं. पोच बंदच राहिली. कुणाला काही वाटलं नाही.

मला ती वाट आवडली होती, खोटं कशाला बोलू? तिथे कुलूप नव्हतं. जगभरच्या शिट्ट्या कानावर पडत. फक्त मधे कुणी माणूस नव्हता.

दिवाळी जवळ आली. कंपनीने एक खोकल्याचं औषध बंद केलं आणि निरोप धाडला, निळी झाकणं थांबवा. तो कुठे गडप झाला, मला ठाऊक नाही. माझ्या तारेपर्यंत तो आलाच नाही. इकडे यंत्रं चालूच राहिली, निळी झाकणं पडत राहिली. प्रत्येकावर त्या कंपनीचं चिन्ह उठवलेलं. दुसऱ्या कुणाच्या बाटलीवर ती चालणार नव्हती.

मालाने भरलेला ट्रक कंपनीच्या भिवंडीच्या गोदामातून तसाच परत आला. भाऊंनी ताईंना मुंबईला फोन लावायला सांगितला.

"आम्ही पाठवलं होतं," पलीकडून आवाज आला.

"आम्हाला मिळालं नाही, साहेब," ताई म्हणाल्या.

"पुरावा?"

"तुमच्याकडे पोचल्याचा आहे का?"

"पोच तुमच्या मालकांनीच बंद करायला लावली, मॅडम."

ताईंनी फोन ठेवला. चिन्मयने माझ्यावर हात ठेवला. मी गरम होतो.

"वाट चांगली होती, ताई."

"चांगलीच होती रे. मिळालं का, हे विचारायचं तेवढं आपण सगळ्यांनी आधीच सोडलं होतं."

काम गेलं. शेजारच्या कारखान्यांना उघडणारी वाटही मिटली. पुढच्या उन्हाळ्यात यंत्रं विकली गेली. पॅकिंगमधल्या बायकांना गेटवरूनच निरोप मिळाला. चिमाबाईंनी जाताना निळ्या झाकणांचं पोतं मागून घेतलं. "नातवंडं खेळतील," म्हणाल्या. भाऊंना त्यांच्याकडे बघवलं नाही. चिन्मय परत गेला. पूजाचं कॉलेज सुटलं. आता मायलेकी दोघी टोकरखाड्याहून रोज वापीला जाऊन एका दुकानात उभ्या असतात.

टेलिफोन तोडायला माणूस येणार होता, त्या सकाळी ताईंनी मला शेवटचं चालू केलं. मुंबईच्या त्याच पत्त्यावर त्यांनी लिहिलं, "कारखाना आजपासून बंद. आम्ही इतकी वर्षं वेळेवर माल दिला. मिळाल्यास पोच द्यावी." मी जीव तोडून शिट्ट्या मारल्या. निरोप गेला. ताई समोर बसून राहिल्या. तार कापली तेव्हाही बसूनच होत्या.

आता मी टोकरखाड्यात त्यांच्या खाटेखाली, झाकणांच्या खोक्यात आहे. वाटा मोकळ्या करा, जरूर करा. चिन्मयचं ते वेड मला आजही खरं वाटतं. पण जिथून राखणदार उठवाल, तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. पाठवलं म्हणून हात झटकू नका. पलीकडच्या माणसाला एकदा विचारा.

मला आता तार नाही. तरी एवढं तुमच्यापर्यंत धाडलंय. मिळालं का?