पहिल्याच बॉलला फेटा

हंबीररावाच्या सत्काराला अख्खं कोल्हापूर लोटलं होतं म्हटलं, तर पुणेकर म्हणतील, ह्यांना मोठं बोलायची सवयच आहे. बरं, अर्धं म्हणू. गुडघ्यानं दगा दिला म्हणून बास्केटबॉल सोडलेल्या या उंचापुऱ्या गड्यानं दहा वर्षांत मुंबई, पुणे, म्हैसूर, सगळ्यांना पाणी पाजलं होतं. मांडवात कप ठेवायला टेबल पुरलं नाही. अध्यक्षांनी माईकवरून विचारलं, "हंबीरराव, सगळ्यांत मोठा विजय कुठला?"

लोकांना वाटलं, म्हैसूरची फायनल सांगणार. हंबीररावाची नजर मात्र पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या बापाकडे गेली, आणि त्याला एकोणपन्नास सालचं ते मैदान आठवलं.

पिराजी वस्तादांचा पोरगा टोपलीत चेंडू टाकतो, यावरून तेव्हा तालमीत थट्टा चालायची. वस्ताद घरात कडाडायचे, "दूध-तूप मी घालायचं आन् ह्यानं टोपलीत चेंडू टाकायचा? पोरींचा खेळ हाय त्यो!" शेवटी आईनं, धोंडुबाईनं, तोडगा काढला. वस्तादांनी, म्हणजे हंबीररावाच्या आबांनी, एक सामना बघायचा. पटला तर ठीक, नाहीतर हंबीररावानं दुसऱ्या दिवशी लंगोट कसून आखाड्यात उतरायचं. हंबीररावानं शब्द दिला, आणि कोल्हापुरात शब्द दिला म्हणजे दिला.

सामना पुण्याच्या संघाशी होता. आबा तालमीतले पैलवान आणि एक हलगीवाला घेऊन आले. खेळ सुरू झाला आणि हंबीररावानं दोघांना चकवून पहिलाच चेंडू टोपलीत घातला.

आता कुस्ती बघणाऱ्याला एकच ठाऊक: गडी चीत झाला की कुस्ती संपली. आबांनी "मारली!" म्हणून आरोळी ठोकली, फेटा हवेत उडवला, पैलवानांसकट मैदानात घुसले आणि लेकाला खांद्यावर घेऊन नाचू लागले. हलगीवालाही सुटला.

पंच शिट्ट्या फुंकून लालबुंद.

"आबा, खाली ठेवा! आत्ताशी सुरू झालंय!" हंबीरराव वरून ओरडला.

"आसं कसं? चीत केलंस की त्यास्नी!"

पंचांनी पुण्याला दंडाचा एक थ्रो दिला आणि त्यांनी तो घातला. पुण्याची मंडळी पोट धरधरून हसली. आबांचा चेहरा उतरला. फेटा उचलून ते गुपचूप कडेला जाऊन बसले. हंबीररावानं ते पाहिलं. बापाचं हसं झालं होतं. ते असेच घरी गेले तर हा खेळ आपल्याला जन्मात परत मिळायचा नाही, हे त्याला कळून चुकलं.

मग तो असा खेळला की पुणेकरांचं हसू आटलं. तरी तो दंडाचा गुण नडलाच. अगदी शेवटाला पुणं एका गुणानं पुढं होतं. हंबीररावानं कोपऱ्यातून, दोघं अंगावर आलेले असताना, उडी मारून चेंडू फेकला. तो कड्यावर नाचला, नाचला आणि आत पडला. शेवटची शिट्टी झाली.

सगळं मैदान उठलं. आबा तेवढे जागेवर. मुठीत फेटा धरून त्यांनी पंचांना विचारलं, "पावणं, आता तरी झाली न्हवं?"

"झाली, वस्ताद. आता उचला!"

आबांनी पोराला तालमीपर्यंत खांद्यावर मिरवलं. घरी आल्या आल्या धोंडुबाईला सांगितलं, "उद्यापासनं ह्याचं दूध वाढीव."

हंबीररावानं माईक जवळ ओढला. "जिंकल्यावर खांद्यावर घेणारे लई भेटले," तो म्हणाला. "पहिल्याच बॉलला घेणारा त्यो हितं बसलाय."

टाळ्यांत अध्यक्षांनी लेकाला फेटा बांधायला आबांना वर बोलावलं. काठी टेकत ते आले आणि फेट्याचं टोक हातात धरून थबकले.

"शिट्टी झाली का रं?"

मांडव हसण्यानं दणाणला. "झाली, आबा," म्हणत हंबीरराव वाकला आणि दुखरा गुडघा विसरून त्यानं बापाला खांद्यावर घेतलं.

"आरं, मला कशाला? कप तुजा हाय!" आबा ओरडत राहिले. पण हलगी सुरू झाली होती, आणि त्यांना खाली उतरवायला कुणीच तयार नव्हतं.